केसीसी इजिस: संघ कंपनीचा, शहराचा की चाहत्यांचा?

तळेगावकर
नमस्कार मंडळी. इथे क्रिकेट-कबड्डीचे धागे धो धो वाहत असतात, बास्केटबॉलला कुणी विचारत नाही. म्हणून हा आगंतुकपणा.

कोरियाच्या व्यावसायिक लीगमध्ये (केबीएल) केसीसी इजिस नावाचा संघ आहे. २००१ पासून २२ वर्षं हा जोंजू शहराचा संघ होता. जोंजू म्हणजे बिबिम्बाप या भाताच्या पदार्थासाठी आणि जुन्या हानोक घरांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव, आणि हिवाळ्यात तिथे करमणूक एकच, बास्केटबॉल. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस लीगने परवानगी दिली आणि संघ थेट बुसानला गेला. नवीन मोसम तोंडावर आलेला असताना! आणि गंमत बघा, बुसानच्या नावाने खेळलेल्या पहिल्याच मोसमात, मे २०२४ मध्ये, हे अजिंक्य ठरले. जोंजूकरांना त्याआधी बारा-तेरा वर्षं वाट बघून काही मिळालं नव्हतं.

माझ्या कामावर एक जोंजूचे गृहस्थ आहेत. २०२४ चा अंतिम सामना त्यांनी पाहिलाच नाही. "आमचा संघ राहिला नाही" एवढंच म्हणाले. दुसरा एक कोरियन सहकारी त्यांना हसतो. त्याच्या मते संघ कंपनीचा असतो, गावाचं नाव फक्त पाटीवर.

माझं मत जोंजूकरांच्या बाजूने आहे. तुम्हाला काय वाटतं?

भोचक
मी पयला. बाकी सामना बघून सांगतो :)

खेळकर
तळेगावकर, भावना समजल्या, पण "जोंजूचा संघ" हे वाक्यच तपासून घ्यायला हवं. जोंजूला येण्याआधी हा संघ देजॉनचा होता की! तेव्हा नाव होतं ह्युंदाई डायनॅट. त्याआधी ह्युंदाई इलेक्ट्रॉनिक्सचा कंपनी-संघ. लीग १९९७ मध्ये सुरू झाली आणि या संघाने १९९७-९८ आणि १९९८-९९ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं देजॉनच्या नावाने जिंकली. ली सांग-मिन चेंडू वाटणार, चू सुंग-ग्युन बाजूने मारणार आणि आत जॉनी मॅकडॉवेल नावाचा अमेरिकन गडी सगळ्यांना ढकलत सुटणार. प्रशिक्षक शिन सन-वू.

मग ह्युंदाई इलेक्ट्रॉनिक्स कर्जात बुडाली, २००१ मध्ये संघ केसीसीने घेतला आणि जोंजूला नेला. त्या वेळी देजॉनमध्ये कुणी रडलंच नसेल का? आज जोंजूकर जे भोगतायत ते देजॉनकरांनी आधीच भोगलंय.

तळेगावकर
खेळकर, देजॉनचा संसार चार-पाच वर्षांचा. जोंजूचा २२ वर्षांचा. फरक आहे.

निशिगंधा
केसीसी म्हणजे काय हो? आमच्याकडे केसीसी म्हटलं की किसान क्रेडिट कार्ड आठवतं.

खेळकर
@निशिगंधा, खिक्! रंग, काचा, बांधकामाचं सामान बनवणारी कंपनी. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांचे धाकटे भाऊ चुंग सांग-यंग यांनी उभी केलेली. म्हणजे संघ एका भावाच्या घरातून दुसऱ्या भावाच्या घरात गेला, म्हणा. या धाकट्या चुंगना बास्केटबॉलचं वेड होतं. जानेवारी २०२१ मध्ये ते वारले.

कोपऱ्यातला_थ्री
कोणी तरी केबीएलवर लिहिलं! दंडवत घ्या.

केसीसीबद्दल बोलायचं आणि २००७ विसरायचं, हे चालणार नाही. ली सांग-मिन हा त्या काळचा सर्वांत लाडका खेळाडू. ऑल-स्टार सामन्यासाठी चाहत्यांच्या मतांमध्ये नऊ वर्षं लागोपाठ पहिला. २००४ च्या अंतिम फेरीचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). २००७ मध्ये केसीसीने सोल सॅमसंगकडून सो जांग-हून हा २०७ सेंटिमीटरचा सेंटर करारमुक्त होताच उचलला. नियम असा की बदल्यात सॅमसंगने केसीसीचा एक खेळाडू मागून घ्यायचा, पण केसीसीला तीन जण राखून ठेवता येतील. केसीसीने जी तीन नावं राखली त्यात ली सांग-मिन नव्हता. हिशेब असा असावा की पस्तिशीतल्या खेळाडूला कोण घेतंय? सॅमसंगने घेतला!

चाहत्यांनी जो गहजब केला तो केला. पण नियतीचा खेळ पुढे आहे. २००८-०९ ची अंतिम फेरी कुणाकुणात? केसीसी विरुद्ध सॅमसंग. सात सामन्यांपर्यंत गेली. केसीसीने ४-३ अशी जिंकली, ली सांग-मिन समोरच्या बाकावर.

तेव्हा तळेगावकर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: हा संघ शहराचा नाही, चाहत्यांचा नाही, कागदाचा आहे. ज्याच्याकडे कागद, त्याचा संघ.

आजोबा_नागपूर
कोपऱ्यातला_थ्री, पुढचं तर सांगा ना बापा. तोच ली सांग-मिन मधे सॅमसंगचा प्रशिक्षक झाला, तिथून २०२२ मधे निघाला, २०२३ मधे सहायक म्हणून केसीसीत परत आला आणि २०२५ मधे त्याच केसीसीचा मुख्य प्रशिक्षक झाला. सोळा वर्षांनी घरी आला पोरगा. कागदावर कोणी येवढं परत येत नाही.

आणि हे शिन सन-वू नाव वाचून मला जुनी आठवण झाली. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधे पुरुषांच्या बास्केटबॉलचं सुवर्ण कोरियानं नेलं होतं. चीनला एका गुणानं हरवून, ८५-८४. त्या संघात ली चुंग-ही आणि हेच शिन सन-वू होते. आम्ही तेव्हा शिवाजीनगरच्या मैदानावर रोज खेळायचो, आणि बातमी आल्यावर आठवडाभर सगळे ली चुंग-हीसारखी जंप मारायला बघत होते. जमलं कोणालेच नाही.

खेळकर
काका, भारी! ली चुंग-ही ह्युंदाईचाच. म्हणजे याच संघाचा पूर्वज म्हणायचा. ऐंशीच्या दशकात ह्युंदाई विरुद्ध सॅमसंग म्हणजे ली चुंग-ही विरुद्ध किम ह्यून-जुन. कोरियातली जुनी माणसं अजून या दोघांवरून भांडतात.

भोचक
१९८२ मध्ये दिल्लीत सोनं, आणि आपण त्या स्पर्धेतून काय घेतलं? रंगीत टीव्ही.

बुसानवासी
धागा उशिरा दिसला. मी इथे बुसानमध्येच राहते (संशोधनाचं काम). बुसानची बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते.

बुसानला आयता संघ मिळाला, असा सूर वर दिसतोय. पण बुसानचा इतिहास बघा. १९९७ मध्ये लीगचं पहिलंच अजिंक्यपद बुसानच्या किया एंटरप्राइझने जिंकलं होतं. १९९८ च्या अंतिम फेरीत याच कियाला वर खेळकर म्हणतात त्या ह्युंदाई डायनॅटने ४-३ ने हरवलं. त्या मालिकेत कियाचा हो जे नावाचा खेळाडू हाताला दुखापत, भुवई फाटलेली अशा अवस्थेत खेळला, आणि हरलेल्या संघात असूनही एमव्हीपी त्यालाच दिलं.

मग किया मोटर्स ह्युंदाईने विकत घेतली, संघ मोबिसच्या नावावर गेला आणि २००१ मध्ये उल्सानला निघून गेला. बुसान दोन वर्षं रिकामं. २००३ मध्ये योसू शहराचा संघ केटीएफ या मोबाइल कंपनीने घेऊन बुसानला आणला, तो पुढे केटी सॉनिकबूम झाला. २०२१ मध्ये तोही सुवॉनला गेला. म्हणजे ज्या दुःखाने जोंजूकर आज रुसलेत, ते बुसानने दोनदा पचवलंय.

आणि २०२४ च्या अंतिम फेरीत समोर कोण होतं? सुवॉन केटी! जे आम्हाला सोडून गेले तेच. इथल्या साजिकच्या इनडोअर स्टेडियममध्ये दहा हजारांच्या वर माणसं होती. एरवी तिथे वरचे मजले पडदे लावून झाकलेले असतात. मी केसीसीची चाहती वगैरे नव्हते, सहज म्हणून प्रयोगशाळेतल्या मुलींबरोबर गेले होते. पण केटीचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की जो आवाज व्हायचा त्यात मागचा हिशेब होता हे मला कुणी सांगावं लागलं नाही. ४-१ ने मालिका संपली, शेवटचा सामना सुवॉनलाच झाला.

१९९७ नंतर बुसानच्या कुठल्याही पुरुषांच्या व्यावसायिक संघाने लीगचं अजिंक्यपद जिंकलं नव्हतं. शेजारच्या मैदानातल्या लोत्ते जायंट्स या बेसबॉल संघाचं शेवटचं १९९२ चं. त्यामुळे "संघ आमचा आहे का" हा प्रश्न इथे कुणी विचारला नाही. भुकेल्याने ताट कुणाचं म्हणून विचारायचं नसतं.

तळेगावकर
बुसानवासी, मस्त प्रतिसाद. केटी समोर होती हा भाग मला माहीत नव्हता.

पण तरीही. तुमचा संघ पळवला गेला म्हणून दुसऱ्याचा पळवायचा, हे म्हणजे रिक्षात कुणी छत्री लांबवली म्हणून उडप्याकडून दुसऱ्याची उचलणं.

बुसानवासी
उचलली नाही हो, तिने स्वतः येऊन दार वाजवलं :)

निशिगंधा
मूळ मुद्दा राहिला. जोंजू सोडलं कशामुळे?

कोपऱ्यातला_थ्री
मैदानामुळे. जोंजूचं स्टेडियम १९७३ चं. लहान, जुनं, कुडकुडायला लावणारं. २०१६ च्या आसपासही संघ सुवॉनला जाणार अशी हवा होती, तेव्हा शहराने नवीन स्टेडियमचं वचन दिलं आणि संघ थांबला. पुढे वर्षं गेली, स्टेडियम काही उभं राहिलं नाही. उलट जुन्या मैदानाची जागा शेजारच्या विद्यापीठाच्या प्रकल्पासाठी मोकळी करा, असा तगादा लागला. संघ म्हणाला, बोलणी कुणाशी करायची तेच कळत नाही, आम्ही चाललो. शहराने कंपनीला दोष दिला, कंपनीने शहराला. चाहते मधल्या मध्ये.

खेळकर
वचन देऊन सात वर्षं वीट न लावणारी महापालिका. ओळखीचं वाटतंय ना सगळ्यांना?

भोचक
+१. भूमिपूजनाचा फलक तरी होता का?

पावणेसहा_फूट
एक वेगळी गोष्ट लिहितो, जी कुणी मांडली नाही. केबीएलचे बहुतेक संघ वर्षानुवर्षं "आपल्या" शहरात राहतच नव्हते. सरावाचं संकुल सोलच्या आसपास, खेळाडूंची घरं तिथेच. केसीसीचं सराव-केंद्र योंगिनमध्ये, सोलच्या दक्षिणेला. म्हणजे जोंजूच्या "घरच्या" सामन्यालासुद्धा संघ बसने पाहुण्यासारखा यायचा आणि हॉटेलात उतरायचा. लीगने नंतर नियम केला की सरावही आपापल्या शहरातच करायचा. केटीने बुसान सोडण्यामागे हेच होतं. त्यांचं सराव-केंद्र सुवॉनला, बुसानमध्ये सरावाच्या जागेवरून शहराशी जमेना.

म्हणून तळेगावकरांच्या दुसऱ्या सहकाऱ्याचं "गावाचं नाव पाटीवर" हे म्हणणं कडू असलं तरी खरं आहे. खेळाडूंसाठी जोंजू हे घर कधी नव्हतंच. घर होतं ते फक्त बघणाऱ्यांसाठी. आणि म्हणूनच मला जोंजूकरांचं जास्त वाईट वाटतं, कमी नाही.

आजोबा_नागपूर
पावणेसहा फूट, हे बरोबर पकडलं तुम्ही.

चकल्या
इथे हो जे या माणसावर स्वतंत्र धागा हवा. बुसानवासींनी लिहिलं तो कियाचा घायाळ हिरो, तोच २००५ ते २०१५ केसीसीचा प्रशिक्षक. २००९ आणि २०११ ची अजिंक्यपदं त्याच्या हाताखाली. संघात 'हा सुंग-जिन' होता ('हा' हे आडनाव), २२१ सेंटिमीटर! एनबीएत खेळलेला पहिला कोरियन, पोर्टलंडकडून. २०११ च्या अंतिम फेरीत वॉन्जूच्या डोंगबूला ४-२ ने हरवलं तेव्हा एमव्हीपी तोच.

आता खरी गंमत. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो) हो जेचा मोठा मुलगा हो उंग उतरला. केसीसीचा नंबर चौथा. सगळ्यांना वाटलं बाप मुलाला घेणार. बापाने दुसऱ्याच पोराचं नाव पुकारलं. पाचव्या नंबरवर डोंगबूने हो उंगला घेतलं. घरी त्या रात्री जेवण काय होतं ते कुणास ठाऊक.

आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, तोच हो उंग करारमुक्त झाल्यावर केसीसीत आला, आणि २०२४ च्या अंतिम फेरीचा एमव्हीपी झाला. समोर केटीकडून खेळत होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ हो हून, तोही आजारी असताना. आणि २०२५ मध्ये हो हूनही केसीसीत आला. आता दोघे भाऊ एका संघात.

निशिगंधा
अगागा! ही लीग आहे की रात्री आठची मालिका?

भोचक
आई कुणाला पाठिंबा देत होती २०२४ ला? हा खरा प्रश्न आहे.

चकल्या
@भोचक, आई-बाबांना स्टेडियममध्ये कुठे बसायचं हाच पहिला प्रश्न असेल :)

पुणेरी_ब्लॉक
मला एक सांगा, हे २०२४ चं अजिंक्यपद एवढं डोक्यावर का घेतायत? मोसमाआधी "सुपर टीम" म्हणून मिरवले. हो उंग, ली सुंग-ह्युन, चोई जुन-योंग, वरून रा गन-आ, नोव्हेंबरात सैन्यसेवा संपवून सोंग क्यो-चांग परत. इतके पैसे ओतून साखळीत पाचवे? डेक्कनवर आमच्या जमान्यात एवढी माणसं असती तर साखळी सोळा गुणांनी जिंकली असती.

कोपऱ्यातला_थ्री
पाचवे आले म्हणूनच डोक्यावर घेतात ना! साखळीत पाचव्या क्रमांकावरून अजिंक्यपद मिळवणारा हा केबीएलचा पहिला संघ. ३० जिंकले, २४ हरले. मग बाद फेरीत सोल एसकेला ३-०, साखळीतल्या अव्वल वॉन्जू डीबीला ३-१, आणि केटीला ४-१.

शिवाय केसीसीची ही जुनी खोड आहे. केसीसी नाव लागल्यापासूनची चारही अजिंक्यपदं बघा. २००४ ला साखळीत दुसरे, २००९ ला तिसरे, २०११ ला तिसरे, २०२४ ला पाचवे. आणि पहिले आले तेव्हा? २०१६ ला ओरियनकडून ४-२ हार, २०२१ ला केजीसीकडून ४-० सपशेल धुलाई. जोंजूचे लोक म्हणे संघ पहिल्या नंबरवर गेला की घाबरायचे.

पुणेरी_ब्लॉक
म्हणजे आळशी संघ. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारे.

आजोबा_नागपूर
सोंग क्यो-चांगचं नाव घेतलं म्हणून. हा पोरगा कॉलेज न करता थेट शाळेतून लीगमधे आला, २०१५ मधे. कोरियात ही हिंमतच म्हणायची, तिथं सगळे विद्यापीठातून येतात. २०२१ मधे साखळीचा एमव्हीपी झाला, शाळेतून थेट आलेल्यांमधला पहिला. आपल्याकडच्या पोरांच्या आईबापांनी वाचू नये हे.

निशिगंधा
सैन्यसेवा म्हणजे खेळाडूंनाही सुटका नाही?

पावणेसहा_फूट
नाही. एशियाडमध्ये सोनं मिळालं तर सवलत, नाहीतर साधारण दीड वर्ष. सैन्याचा स्वतःचा क्रीडासंघ आहे, सांगमू. चांगले खेळाडू तिथे जातात. सोंग क्यो-चांग आणि हो हून दोघेही एकाच वेळी तिथे होते आणि २०२३ च्या नोव्हेंबरात एकत्रच सुटले. मग सहा महिन्यांनी अंतिम फेरीत समोरासमोर.

आणि रा गन-आ. मूळ नाव रिकार्डो रॅटलिफ, अमेरिकन. २०१८ मध्ये कोरियन नागरिक झाला, देशासाठी खेळला. २०१९ मध्ये मोबिसकडून केसीसीत आला. २०२४ च्या अजिंक्यपदात त्याचा वाटा प्रचंड. आणि त्याच महिन्यात लीगने ठरवलं की करार संपलेला आहे, यापुढे लीगमध्ये त्याला परदेशी खेळाडूच मोजायचं. पासपोर्ट कोरियन, राष्ट्रीय संघाची जर्सी अंगावर घातलेली, आणि लीगमध्ये परदेशी! जोंजू-बुसानपेक्षा मला हे जास्त टोचलं.

खेळकर
केबीएलचे परदेशी खेळाडूंचे नियम हा विनोदाचाच विषय आहे. २०१८ मध्ये फतवा निघाला: परदेशी खेळाडू २०० सेंटिमीटरपेक्षा उंच नको. बास्केटबॉलमध्ये! डेव्हिड सायमन २०२.१ भरला, त्याला परत पाठवलं. चार्ल्स रोड्स तेव्हा केसीसीकडे होता, तो १९९.२ भरला आणि मोजणीच्या खोलीतच आनंदाने गुडघ्यांवर बसला. जगभर हसं झालं, पुढच्याच वर्षी नियम गुंडाळला.

भोचक
आमच्या पावणेसहा_फूट यांना तिथे स्थान होतं म्हणजे.

पावणेसहा_फूट
पट्टी आणा, बघू.

सह्याद्रीचा_कडा
अवांतर: कोरिया म्हटलं की आमच्यासाठी एकच, बंगाल वॉरियर्सकडून खेळलेला कबड्डीपटू जांग कुन ली. २०१८ च्या एशियाडमध्ये कोरियाने आपल्याला कबड्डीत गटसामन्यात २४-२३ हरवलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

तळेगावकर
@सह्याद्रीचा_कडा, कबड्डी इथेही आणलीतच. असो, स्वागत आहे.

सगळे प्रतिसाद वाचले. पावणेसहा फूट यांचा योंगिनचा मुद्दा मी त्या जोंजूच्या गृहस्थांना विचारला. ते म्हणाले, खेळाडू कुठे झोपतात याच्याशी आमचं काय? आम्ही पोरांना घेऊन दर आठवड्याला जायचो, पोरं आता मोठी झाली, मैदान गेलं, संघ गेला. राग बुसानवर नाही, स्वतःच्या महापालिकेवर आहे म्हणे. मला वाटलं होतं ते कंपनीला शिव्या देतील.

बुसानवासी
त्यांना सांगा, २०२४-२५ मध्ये आम्ही इथे नववे आलो. दहा संघांत नववे! अजिंक्यपदानंतर लगेच. तेव्हा जे काही पळवलं त्याची शिक्षाही मिळाली आहे. त्या वर्षी साजिकमध्ये आनंद दिला तो महिलांच्या बीएनके सम संघाने. तेही तिथेच खेळतात आणि मार्च २०२५ मध्ये अजिंक्य झाले.

कोपऱ्यातला_थ्री
आणि पुरुषांमध्ये त्या वर्षी चांगवॉन एलजी, इतिहासात पहिल्यांदा. लीगच्या दुसऱ्या मोसमापासून चांगवॉनमध्येच ठाण मांडून बसलेला संघ. तळेगावकर, तुमच्या मित्रांना नवीन संघ हवा असेल तर हा घ्या म्हणावं. हलत नाही.

पुणेरी_ब्लॉक
नवीन संघ घ्या म्हणे. उद्या म्हणाल बायको बदला.

निशिगंधा
मला आता बघावंसं वाटायला लागलंय. मोसम कधी असतो?

खेळकर
ऑक्टोबरात सुरू, प्रत्येकी ५४ सामने, बाद फेरी एप्रिल-मेपर्यंत. आपल्याकडे संध्याकाळचे सामने दुपारी साडेतीनला येतात, म्हणजे कचेरीत बसून बघायला सोयीचे. साहेबांकडे पाठ करून बसू नका फक्त.